प्रश्न पाठवायचेत? आधी हे वाच

व्यावसायिक प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी ती घेणाऱ्या संस्थेला प्रश्न लिहून पाठवायचे म्हणतोस, तर आधी सांग: त्याच परीक्षेचे क्लास घेतोस का? घेत असशील तर बहुतेक ठिकाणी दार बंद. व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठीचं आयएसओ/आयईसी १७०२४ हे मानक प्रशिक्षणाकडे निःपक्षपातीपणाला धोका म्हणून बघतं. बाकी, प्रमाणपत्र चालू असलेला आणि रोज तेच काम करणारा माणूस त्यांना हवाच असतो. गोपनीयतेच्या करारावर सही मात्र करावी लागते.

खरा घाम फुटतो तो चुकीचे पर्याय लिहिताना. बरोबर उत्तर मिनिटात सुचतं. पण अर्धवट तयारीच्या माणसाला पटतील असे तीन चुकीचे? माझा पहिलाच प्रश्न परत आला, कारण बरोबर पर्याय बाकीच्यांच्या दुप्पट लांब होता. (न वाचताही ओळखता आला असता!) आणि निवडला गेला तरी नवा प्रश्न बहुतेक वेळा आधी बिनगुणांचाच विचारला जातो.