पद्मिनीची दारं कापू नका

प्रश्न: आजोबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी नुकतीच रंगवून घेतली. स्पीकर बसवायचेत. मिस्त्री म्हणतो, दारं कापू. कापू द्यावीत का? – एक वाचक, सांगली

उत्तर: अजिबात नाही. कापलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. शिवाय काच खाली केली की ती दारातच उतरते, त्यामुळे स्पीकरच्या मागच्या चुंबकाला ती अडू शकते. काचेचं रबर जुनं झालं की पावसाचं पाणीही दारात झिरपतं आणि स्पीकरचा कागदी कोन (आवाज काढणारा पुढचा शंकू) भिजून फुगतो.

मागच्या सीटच्या पाठीमागची फळी बघा. ती अलगद काढून माळ्यावर जपून ठेवा. तिच्याच मापाची १२ मिमी मरीन प्लायची (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडची) नवी फळी करून त्यात ६ बाय ९ इंची अंडाकृती स्पीकर बसवा. खाली डिकीची पोकळी मिळते, म्हणून खर्ज भरदार येतो. जुन्या गाण्यांतला तबला असा ऐकायला मला फार आवडतो. स्क्रू मात्र हाताने पिळा, आणि खाली पेट्रोलची टाकी किंवा वायर नाही ना, हे आधी डिकीत डोकं घालून बघा.

फक्त मागूनच आवाज आला तर गायक पाठीशी बसल्यासारखा वाटतो. म्हणून पुढे, डॅशबोर्डखाली पायांच्या बाजूला, चार इंची स्पीकरच्या दोन छोट्या पेट्या ठेवा. क्लच पूर्ण दाबून पाय अडत नाही ना, ते तपासा.

बॅटरीपासून वेगळी वायर ओढा, बॅटरीजवळच फ्यूज लावा. गाडीत अजून बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो असेल तर मोठा अॅम्प्लिफायर नको. इंजिन मंद चालताना डायनॅमो पुरेसा चार्ज देत नाही.