वाचकांचे प्रश्न : हाताला गार लागतं ते खरंच गार असतं का?

प्रश्न : स्टीलचं कपाट आणि लाकडी टेबल रात्रभर एकाच खोलीत असतात. सकाळी हात लावला तर कपाट गार आणि टेबल बरं लागतं. कपाटाचं तापमान खरंच कमी असतं का?

उत्तर : नाही. दोन्हींचं तापमान खोलीइतकंच असतं. फरक आहे तो तुमच्या हातातून उष्णता किती वेगाने निघून जाते त्यात. वस्तूचं तापमान त्वचेला कळतच नाही. त्वचेत, मिलिमीटरपेक्षाही कमी खोलीवर चेतातंतूंची उघडी टोकं असतात आणि ती फक्त स्वतःच्या आसपासचं तापमान मेंदूला कळवतात. तळहाताची त्वचा साधारण 32-33 अंश सेल्सिअस असते आणि खोली समजा 25. स्टील उष्णता लाकडाच्या निदान शंभरपट वेगाने वाहून नेतं, म्हणून बोटाखालची त्वचा झटक्यात गार होते. लाकडात उष्णता पुढे सरकत नाही. बोटाखालचा तेवढा भाग लगेच कोमट होतो आणि तक्रार थांबते. हेच दोघं 45 अंशांना तापवले, तर उलट स्टीलचा चटका बसेल आणि लाकूड सुसह्य वाटेल.

दुसरी गोम म्हणजे हे चेतातंतू स्थिर तापमानापेक्षा बदलाला जास्त दाद देतात. एक हात 15 अंशांच्या, दुसरा 40 अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा आणि मग दोन्ही 30 अंशांच्या पाण्यात घाला. एका हाताला तेच पाणी गरम वाटेल, दुसऱ्याला गार. तापमान अगदी सावकाश बदललं, तर काही अंशांचा फरकही लक्षात येत नाही. म्हणूनच कपाळावर हात ठेवून ताप ओळखण्यावर आमचा फारसा विश्वास नाही. नुकताच गार पाण्यात बुचकळलेला हात कुठल्याही कपाळाला ताप ठरवेल.

प्रश्न : मिरची तिखट लागते ती ‘आग’ का होते? आणि पुदिन्याने तोंड गार का पडतं?

उत्तर : चेतातंतूंच्या टोकाच्या पटलात प्रथिनांची छोटी दारं असतात. टीआरपीव्ही-1 नावाचं दार साधारण 43 अंशांच्या पुढे उघडतं, आत कॅल्शियम आणि सोडियमचे आयन शिरतात आणि मेंदूकडे ‘भाजतंय’ असा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन याच दाराला चिकटतं आणि ते उघडण्याची पातळी खाली आणतं, मग तोंडाच्या नेहमीच्या 37 अंशांनाही ते उघडं राहतं. त्यावर गरम चहा घेतला की आग आणखी भडकते, ती याचमुळे. पाण्याने फारसा फरक पडत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दूध बरं.

टीआरपीएम-8 हे दार थंडीचं, साधारण 26 अंशांच्या खाली उघडणारं. पुदिन्यातलं मेंथॉल ते कोमट तापमानालाही उघडतं. याचा अर्थ मेंथॉलच्या बामाने कपाळ गार वाटलं तरी ताप उतरलेला नसतो. तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुशियन यांना 2021 चं नोबेल मिळालं.

प्रश्न : अंगात 39 अंश ताप, तरी हुडहुडी का भरते? अशा वेळी पांघरूण घालावं की गार पाण्याने पुसावं?

उत्तर : मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग शरीराच्या तापमानाची एक ठरावीक पातळी धरून बसलेला असतो. संसर्ग झाला की प्रोस्टाग्लँडिन ई-2 हे रसायन ती पातळी वर ढकलते, समजा 37 वरून 39.5 ला. आता 38 अंशांचं शरीरही त्याला थंडच वाटतं. त्वचेच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, हातपाय गार पडतात, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. पारा नव्या पातळीला पोचला की कापरं थांबतं. पातळी खाली आली की घाम फुटतो.

तेव्हा हुडहुडी असताना हलकं पांघरूण द्या, ती थांबली की काढा. बर्फाच्या पाण्याने पुसू नका. कापरं वाढतं आणि रुग्ण उगाच हैराण होतो. पॅरासिटामॉल ती पातळीच खाली आणतं, म्हणून ते इथे लागू पडतं.

उष्माघाताची गोष्ट मात्र अगदी वेगळी. तिथे पातळी 37 लाच असते, उष्णता बाहेर टाकणंच कोलमडलेलं असतं. अंग 40 च्या वर आणि बोलणं असंबद्ध झालं, की पॅरासिटामॉलचा उपयोग शून्य. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत, जोरात वारा घालत राहा.

प्रश्न : थर्मामीटर वेगवेगळे आकडे दाखवतो. खरा कुठला?

उत्तर : आधी जागा ठरवा आणि दर वेळी तीच वापरा. तोंडात मोजायचं तर टोक जिभेखाली, मागच्या बाजूला एका कडेला ठेवा आणि ओठ मिटा. काही गरम-गार प्यायल्यावर 20-30 मिनिटं थांबा, नाहीतर तुम्ही चहाचं तापमान मोजाल. काखेत मोजताना घाम पुसा, टोक कातडीलाच लागू द्या आणि दंड घट्ट मिटून ठेवा. आकडा तोंडापेक्षा साधारण अर्धा अंश कमी येतो. पहाटे शरीर सर्वांत थंड, संध्याकाळी सर्वांत गरम असतं. सकाळच्या 36.4 नंतर संध्याकाळी 37.1 आलं तर तो ताप नाही.

प्रश्न : मधुमेहींनी गरम पाण्याची पिशवी पायांना लावू नये असं का सांगतात?

उत्तर : मधुमेहात पायांचे चेतातंतू खराब होऊ शकतात. मग ‘भाजतंय’ हा निरोप निघतच नाही आणि फोड आल्यावरच कळतं. पाय शेकू नयेत, आणि धुण्याचं पाणी पायाने नव्हे, कोपराने किंवा थर्मामीटरने तपासावं. 37 अंशांच्या वर नको.