झोपलेल्या पॅलाडिनचा काय दोष?

प्रश्न : आम्ही गावातले पाच मित्र दर शनिवारी रात्री शेतातल्या कोठ्यावर डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, गोष्ट बोलून पुढे न्यायची आणि काय जमलं ते फाशानं ठरवायचं. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. मागच्या महिन्यात खेळातल्या टोळीनं गॉब्लिनांची, म्हणजे बुटक्या राक्षसांची, गुहा जिंकली. आत सात-आठ पिल्लं सापडली. पॅलाडिन, म्हणजे शपथेला बांधलेला धर्मयोद्धा, झालेला मित्र म्हणाला, सोडून द्या. दुसरा म्हणाला, मोठी झाली की हीच गाव जाळतील. वाद मिटेना, म्हणून मी सांगितलं की रात्र झाली, सगळे झोपले. तेवढ्यात त्या दुसऱ्यानं पिल्लं मारून टाकली. पॅलाडिननं अडवलं नाही म्हणून मी त्याची दैवी शक्ती काढून घेतली. तो उठून गेला. तीन शनिवार झाले, आला नाही. त्या दोघांचं बोलणंही बंद आहे. माझं चुकलं का?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : हो, चुकलं. आधी त्या मित्राच्या घरी जा. फोन नको, मेसेज तर नकोच. चहा घ्या आणि सांगा, की तुझी शक्ती परत दिली, माझा निर्णय बरोबर नव्हता. त्यापुढे 'पण' लावू नका.

आता नियमाचं बघू, कारण तुम्ही ते नियम म्हणून केलं असणार. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा खेळ आणला, तेव्हा पात्रानं निवडायच्या बाजू तीनच होत्या : व्यवस्था, तटस्थता, अनागोंदी. पुढे त्यात चांगलं-वाईट मिसळलं आणि नऊ खाने झाले. १९७८च्या, खेळाडूंसाठीच्या पुस्तकात पॅलाडिनचा नियम फार कडक होता. त्यानं जाणूनबुजून, स्वतःच्या इच्छेनं दुष्कृत्य केलं की त्याचं पॅलाडिनपण गेलं, ते कायमचं. पण त्या कडक नियमातही 'जाणूनबुजून' आहेच. तुमचा पॅलाडिन झोपला होता, आणि त्याला झोपवलं तुम्हीच. २०१४ची पाचवी आवृत्ती तर आणखी मवाळ आहे. तिथं शपथ मोडणाऱ्याला आधी पश्चात्तापाची वाट दिलेली आहे, आणि कडक निर्णय घ्यायचाच झाला तर तो डीएमनं विचार करून घ्यायचा आहे.

ज्यानं पिल्लं मारली त्याच्यावरही सगळं ढकलू नका. २०१४च्या, राक्षसांच्या पुस्तकात गॉब्लिनच्या माहितीत 'दुष्ट' असं छापलेलं आहे. त्यानं ते खरं मानलं. तेच पुस्तक सांगतं, की ही नुसती सुरुवातीची नोंद आहे, तुमच्या जगात हवी तशी बदला. मग तुमच्या जगात गॉब्लिन जन्मतःच दुष्ट असतो, की भुकेनं आणि टोळीच्या शिकवणीनं तसा होतो? हे गुहेच्या तोंडाशी जायच्या आधी पाचही जणांना माहीत हवं होतं. जन्मतःच दुष्ट असेल तर पिल्लं समोर ठेवण्यात पेच नाही, पोरांना नुसता ताप आहे. शिकवणीनं होत असेल, तर त्यांचं करायचं काय, कोण सांभाळणार, गावकरी ठेवू देतील का, हे प्रश्न उभे राहतात. खेळ तिथून रंगतो.

मी हे अनुभवानं लिहिते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत हा खेळ घरी आणला, तो पुण्याला परत गेला आणि खेळ माझ्याकडे राहिला. मोर्शी तालुक्यातलं आमचं गाव, इथून अप्पर वर्धा धरण जवळ, उत्तरेला सातपुडा. रविवारी ओसरीवर सहा पोरं येतात. वीस बाजूंचा फासा एकच होता. तो हरवला तेव्हा आम्ही एक ते वीसच्या चिठ्ठ्या गडव्यात टाकून महिनाभर खेळलो.

अंबिया बहाराची संत्री झाडावर होती तेव्हाची गोष्ट. पोरं रात्री वडलांसोबत जागलीला जायची. मला वाटलं, यांना ओळखीचा पेच द्यावा. खेळातल्या गावाच्या बागेत रात्री एक शिंगवालं जनावर येतं, झाडं मोडतं. त्याच्यामागे दोन पाडसं. गावकऱ्यांनी कुंपणाला मंतरलेली तार बांधली, हात लागला की जळून राख. बाग वाचते, पण त्याच वाटेनं पहाटे मेंढक्याचा पोरगा जातो. तार ठेवायची की काढायची? आमच्याकडे रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, येऊ नयेत म्हणून कुंपणात करंट सोडतात. बेकायदा आहे. त्यात वाघही मेले आहेत, माणसंही मेली आहेत. मी तेच उचलून खेळात ठेवलं होतं, आणि मनातून खूश होते.

पोरं तावातावानं बोलायला लागली. "काहून काढतं बे तार? बाग गेली त खाशीन काय?" "मंग पोट्टं मेलं त?" एक जण मात्र काहीच बोलत नव्हता. त्याच्या हातात बॅटरी होती, घरी जाताना लागते म्हणून आणलेली. तिचं बटन तो चालू-बंद, चालू-बंद करत होता. ओसरीच्या भिंतीवर उजेडाचा गोल यायचा, जायचा. माझं लक्ष फार उशिरा गेलं. त्याचा मामा दोन वर्षांआधी अशाच तारेला लागून गेला होता. गावातल्या सगळ्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. खेळ रचण्याच्या भरात मी ते विसरले. त्या रात्री मी तिथंच वही मिटली आणि त्याला घरापर्यंत पोचवून आले. वाटेत तो एवढंच म्हणाला, "बाई, तार काढून टाका ना."

काढली. पुढच्या रविवारी गोष्ट वेगळ्याच गावात सुरू केली आणि कोणी का म्हणून विचारलं नाही.

तेव्हापासून आमच्या सतरंजीच्या मधोमध पत्त्यातला जोकर उताणा ठेवलेला असतो. ज्याला नको वाटेल त्यानं त्यावर बोट ठेवायचं, गोष्ट लगेच वळते, कारण विचारायचं नाही. ही युक्ती माझी नाही. जॉन स्टाव्रोपोलस यांनी ती 'एक्स कार्ड' या नावानं रूढ केली, कार्डावर नुसती फुली. रॉन एडवर्ड्स यांची रेघ आणि पडदा ही कल्पनाही मी वापरते. रेघेपलीकडचं गोष्टीत येतच नाही. पडद्यामागचं घडतं, पण कोणी वर्णन करत नाही. दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, पाहिलेल्या माणसाला पडदा समजावून सांगावा लागत नाही. तुमच्या टोळीनं पहिल्याच बैठकीत 'लहान पोरांना मारणं' रेघेपलीकडे टाकलं असतं, तर त्या शनिवारी कोणी उठून गेलं नसतं.

आणखी एक. कोणी परत न फिरवता येणारं काही करायला निघालं, तर फाशाला हात लावायच्या आधी खेळ थांबवा आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघा. पात्राच्या नव्हे, माणसाच्या. "हे चालेल का?" एवढं विचारा. चालत असेल तर झोपलेल्याला जाग येते का, यासाठी फासा टाकू द्या. तुमच्या मित्राला तो फासाच मिळाला नाही. त्याला खरा राग त्याचा आला असावा.

मित्र परत आला की खेळ कुठून धरायचा? पाचही जणांना विचारा. ती रात्र खोडून टाकायची असेल तर खोडा, वहीतलं पान फाडलं तरी चालेल. ठेवायची असेल तर शिक्षा देऊ नका, पुढचं घडू द्या. दुसऱ्या दिवशी एक गॉब्लिन बाई गावाच्या शिवेवर येऊन उभी राहते. हातात शस्त्र नाही. ती नावं घेऊन हाका मारते, एकेक करून, सात-आठ नावं. तिच्यासमोर कोण जातं आणि काय बोलतं, ते पोरांवर सोडा. तुम्ही पाण्याचा तांब्या पुढे सरकवा आणि गप्प बसा. कोण बरोबर हे तुमच्या तोंडून निघालं की त्यांचं बोलणं संपलं.

प्रश्न : आमच्यातला एक जण सोबत्यांचंच सोनं चोरतो. विचारलं की म्हणतो, "माझं पात्रच चोर आहे, मी काय करू?"
— एक वाचक, वणी

उत्तर : पात्र त्यानंच लिहिलं आहे. चोर असून सोबत्यांचं मात्र चोरत नाही, याचं कारण त्यालाच शोधायला लावा. यांच्यापैकी कोणी कधी त्याचा जीव वाचवला का? त्याच्या धाकट्या बहिणीला कोणी भाकर दिली का? आमच्या ओसरीवर असाच एक होता. त्यानं लिहिलं, "हिनं मले पुरात ओढून काढलं." चोरी आपोआप बाहेरच्यांकडे वळली. कारण शोधायलाच तयार नसेल, तर त्याचं भांडण खेळाशी नाही, तुमच्यापैकी कोणाशी तरी आहे. ते वेगळं बसून बोला.

प्रश्न : माझे खेळाडू प्रत्येक पेचात बिनदिक्कत पैसा निवडतात. पेच कठीण कसा करू?
— एक वाचक, कुरखेडा तालुका

उत्तर : अनोळखी राजाचा जीव आणि सोन्याची थैली यांत मीही थैली घेईन. तुमचे खेळाडू कोणाशी हसून बोलतात ते वहीत टिपून ठेवा : नाव घाटावरची म्हातारी, खानावळीतलं लंगडं कुत्रं, काहीही. पुढची किंमत तिथून मागा, आणि निवडायच्या आधी ती उघड सांगा. लपवून ठेवलेली किंमत ही फसवणूक वाटते, आणि खेळाडू मग कशातच जीव गुंतवत नाहीत. एका बैठकीत असा पेच एकच. बाकी वेळ त्यांना लढू द्या, लुटू द्या, कुत्र्याला भाकर घालू द्या.