व्यापारी बदनाम झाला, आता शिक्षा नक्की का?

प्रश्न : आमच्या भागात खेडा खरेदी, म्हणजे गावात येऊन थेट माल घेणाऱ्या एका व्यापाऱ्यानं कापसाचे चुकारे बुडवले आणि पसार झाला. ठाण्यात गेलो तर ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून वाटेला लावलं. मग पेपरात त्याचा फोटो आला, यूट्यूबवर आमच्या मुलाखती झाल्या आणि लगेच गुन्हा दाखल होऊन त्याला अटकही झाली. पारावर जो तो म्हणतो, एवढी बदनामी झाली, आता तो सुटत नाही. वकीलसाहेब, हे खरं आहे काय?
— एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पारावरचं निम्मं खरं आहे. सरकारी वकील म्हणून उभ्या हयातीत मी हेच पाहत आलो : बोंबाबोंब झाली की फाईल हलते. मल्ल्या मार्च २०१६ मध्ये देशाबाहेर गेले, पुढे नीरव मोदी गेले, देशभर संताप उसळला आणि २०१८ मध्ये फरार आर्थिक गुन्हेगारांसाठी वेगळा कायदाच झाला. तो लागायला मात्र प्रकरण १०० कोटींचं लागतं. तुमचा व्यापारी तिथं कुठून पोचायचा!

फाईल हलली तरी निकाल ओरडण्यानं लागत नाही. मोबाईल लहरींच्या वाटपातल्या घोटाळ्याच्या आरोपाचा, टू-जी प्रकरणाचा, गवगवा काय कमी होता? त्यातल्या कंपन्यांच्या बड्या अधिकाऱ्यांना २०११ मध्ये जामीन देताना सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं, की लोकभावना विरोधात आहे एवढ्यावरून जामीन नाकारता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. (त्यावर अपील झालं, तो भाग वेगळा.) आपल्या नागपूर जिल्हा बँकेचं सरकारी रोख्यांतल्या गुंतवणुकीचं प्रकरण २००२ चं, शिक्षा सुनावली डिसेंबर २०२३ मध्ये. मधली एकवीस वर्षं पेपरवाले काही झोपले नव्हते.

तुमच्या खटल्यातली खरी मेख निराळीच आहे. आरोपीचा वकील उभा राहून म्हणेल, ‘माल उधारीवर घेतला, भाव पडले, अशील बुडाला. यात फसवणूक कुठं?’ आणि कायद्यानं त्याचा मुद्दा पोकळ नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरवायची तर माल उचलतानाच पैसे द्यायचे नव्हते, हे दाखवावं लागतं. तुमचा कापूस गाडीत भरत असतानाच त्यानं आधीच्या गावाचे पैसे थकवले होते का? त्याच सुमारास शेत बायकोच्या नावावर चढवलं का? जिनिंगकडून (सरकी काढणाऱ्या कारखान्याकडून) रोकड उचलून ती कुठं वळवली? सातबारा, फेरफार, बँकेचा उतारा, जिनिंगची पावती हे तपास अधिकाऱ्यानं गोळा केलं तर खटला उभा राहतो. बदनामीचा एक उपयोग मात्र मी मानतो. फोटो पाहून आजूबाजूच्या गावांतले बुडालेले लोक पुढं येतात, आणि दहा गावांत एकच पद्धत दिसली की ‘धंदा बुडाला’ हे रडगाणं चालत नाही. अशा लोकांना शोधा, त्यांचे जबाब नोंदवायला लावा.

कच्च्या चिठ्ठ्या जपा. वजन, भाव, तारीख आणि त्याच्या दिवाणजीचं अक्षर, सगळं त्याच चिटोऱ्यावर असतं. मूळ चिठ्ठी तपासाला दिली तर जप्ती पंचनाम्यात तिची नोंद पाहा आणि झेरॉक्स जवळ ठेवा.

आणि यूट्यूबवाल्याला आता पुरे म्हणा. मुलाखतीत तुम्ही जोशात तीस क्विंटल म्हणालात आणि जबाबात बावीस निघाले, तर उलटतपासात तोच व्हिडिओ तुमच्यासमोर धरतील.

कुणाला चेक दिला असेल आणि तो वटला नसेल, तर चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हाती आल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत त्यानं पैसे दिले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. ही मुदत पोलिस केसपायी थांबत नाही, तेव्हा मेमोवरची तारीख आजच पाहा.