‘बाळाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, मॅडम’

सातपूरची एक ताई पाच महिन्यांचं बाळ आणि खासगी लॅबचा कागद घेऊन आमच्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) खोकल्यासाठी सांगितलेल्या तपासण्यांत बाळाची एचआयव्हीची रॅपिड टेस्टही झाली आणि ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आली. ताई स्वतः एचआयव्ही पॉझिटिव्ह, गरोदरपणापासून एआरटीवर (एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांवर). “एकही गोळी चुकवली नाही, मग बाळाला कसं लागलं?”

रॅपिड टेस्ट विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी (शरीराने लढण्यासाठी बनवलेली प्रथिनं) शोधते. मोठ्या माणसात त्या सापडल्या, तर संसर्गानंतर काही आठवड्यांत त्याच्याच शरीराने तयार केलेल्या असतात. तान्ह्या बाळाचं गणित वेगळं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे भरपूर जातात. गोवराच्या जातात, तशा एचआयव्हीच्याही. (गोवराची लस नऊ महिने थांबून देतात, कारण आईकडून आलेल्या अँटीबॉडी लशीचा परिणाम होऊ देत नाहीत.) दर तीन-चार आठवड्यांनी त्या साधारण निम्म्या होतात, तरी काही बाळांत १८ महिन्यांपर्यंत सापडतात. पाचव्या महिन्यातल्या रॅपिड टेस्टवरून बाळाचं निदान करताच येत नाही.

“म्हणजे बाळ निगेटिव्ह ना?” इथे घाईने हो म्हणू नये. सहाव्या आठवड्याच्या पीसीआरमध्ये (थेट विषाणू शोधणाऱ्या तपासणीत) विषाणू सापडला नव्हता, पण अंगावर पाजणं चालू असेपर्यंत थोडा धोका उरतोच. म्हणून टाचेला टोचून पीसीआरसाठी पुन्हा रक्ताचे थेंब फिल्टर पेपरच्या कार्डावर घेतले. कार्डावरचा गोल अर्धवट भरला किंवा कार्ड ओलं असतानाच पाकिटात घातलं, तर नमुना बाद होतो आणि आईचे आणखी काही आठवडे घोर लागण्यात जातात. या बाळाच्या रक्तात विषाणू सापडला नाही.

खरी काळजीची गोष्ट बोलताना निघाली. कागद पाहिल्यापासून ताईने अंगावरच्या दुधाबरोबर पिशवीचं दूधही सुरू केलं होतं. सहा महिन्यांपर्यंत असं मिश्र पाजणं सगळ्यात वाईट: बाळाच्या आतड्याचं अस्तर दुखावतं आणि विषाणूला आत शिरायला वाट मिळते. फक्त अंगावरचं दूध, आईच्या गोळ्या आणि बाळाचं कोट्रायमोक्साझोल सिरप (इतर संसर्ग टाळणारं औषध), तिन्ही चालू ठेवायला सांगितलं. खोकल्यासाठी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

पुढची तपासणी ६ महिन्यांना, मग १२ आणि १८ महिन्यांना. अठराव्या महिन्यानंतरही पाजत असाल, तर पाजणं थांबवल्यावर ३ महिन्यांनी होणारी टेस्टच शेवटची धरायची.