'उन्हाळी लागली' आणि 'लघवीतून रक्त जातंय'

पंचवटीतल्या एका ताईंनी विचारलंय: सासऱ्यांच्या कागदावर डॉक्टरांनी 'हिमॅच्युरिया' लिहिलंय, सासूबाई म्हणतात 'उन्हाळी लागलीय'. दोन्ही एकच का? मराठीत काय म्हणायचं?

एकच नाही, ताई. हिमॅच्युरिया म्हणजे लघवीतून रक्त जाणं. 'उन्हाळी'चं मूळ 'उष्ण'. ऊन, उन्हाळा, ऊनऊन भात ही सगळी त्याचीच भावंडं. उन्हाळी लागते तेव्हा लघवी सारखी, थोडीथोडी होते आणि जळजळते. हे त्रासाचं नाव आहे, रक्ताचं नाही. सासूबाईंचं म्हणणं अगदीच निराधार नाही म्हणा. सुश्रुतसंहितेत 'उष्णवात' आहे, त्यात जळजळीबरोबर हळदीसारखी किंवा रक्ताची लघवी होते असं वर्णन येतं.

हिमॅच्युरियाला प्रतिशब्द 'रक्तमेह'. 'मेह' मिह् धातूवरून आला, शिंपणं, लघवी करणं या अर्थाचा. 'मेघ'ही त्याच धातूचा, हे मला फार आवडतं. पण बोलताना हा शब्द टाळावा. 'मधुमेह' कानात बसलेला असल्यामुळे ऐकणाऱ्याला ती साखरेचीच तऱ्हा वाटते.

'लघवी लाल होते' हेही पुरेसं नाही. तो नुसता रंग झाला. बीट खाल्ल्यावर लघवी गुलाबी होऊ शकते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने नारिंगी होते. उलट लघवी स्वच्छ दिसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली 'आरबीसी ८-१०', म्हणजे लाल रक्तपेशी, निघतात. म्हणजे रक्त जातंय, पण दिसत नाही. म्हणून 'लघवीतून रक्त जातंय' हेच नेमकं मराठी.

शब्दाने किती फरक पडतो ते मी घरात पाहिलंय. नाशिकरोडला माझ्या मामांना एप्रिलमध्ये लाल लघवी झाली. मामी म्हणाल्या, उन्हाळीच. दीड महिना धन्याचं पाणी आणि सब्जा चालला. मामांना ना जळजळ होती, ना कळ, म्हणून सगळे निर्धास्त. मधे आठवडाभर रक्त थांबलंही. निघाली मूत्राशयातली गाठ. बिडी चाळीस वर्षांची, आणि अशा गाठीमागे बऱ्याचदा तीच असते. न दुखता रक्त जाणं ही जास्त काळजीची गोष्ट, आणि 'उन्हाळी' या शब्दाने नेमकी तीच झाकली गेली.

रक्त मुतखड्याने, जंतुसंसर्गाने, प्रोस्टेटमुळेही जातं. ते तपासणीतच कळेल. सासऱ्यांना डॉक्टरांकडे नेलंत की 'उन्हाळी' म्हणू नका. रक्त कधीपासून जातंय, धारेच्या सुरुवातीला, शेवटी की पूर्ण धारेत, गुठळ्या पडल्या का, दुखलं का, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, एवढं सांगा.