वाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये ५५ इंची टीव्ही भिंतीवर लावायचा आहे, पण भिंत ठोकल्यावर पोकळ वाजते. टीव्ही पडणार नाही याची खात्री कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की टीव्ही १६ किलोचा आहे, घरात दोन वर्षांची मुलगी आहे आणि बसवायला येणारा माणूस फोनवर "वीस मिनिटांचं काम" म्हणाला. होईलही वीस मिनिटांत. पण त्याआधी भिंत कसली आहे ते ओळखा, स्टँड कुठला घ्यायचा ते नंतर बघू. टीव्ही पडतो तेव्हा स्टँडची भिंतीवर बसणारी लोखंडी प्लेट बहुतेक वेळा शाबूत असते, सुटते ती भिंत.

आमच्या बिबवेवाडीच्या घरात हे घडलंय. ४३ इंची टीव्ही चार महिने व्यवस्थित होता आणि एका रात्री दोनच्या सुमाराला खाली आला. खाली दिवाण होता. आई एरवी तिथेच झोपते, त्या दिवशी ती बहिणीकडे गेली होती. दिवा लावला तर चादरभर पांढरी भुकटी, प्लेट वाकडी लोंबकळतेय आणि वरच्या दोन्ही स्क्रूंना प्लॅस्टिकची गिट्टी जशीच्या तशी चिकटलेली, भोवती गिलाव्याचा गोळा. मी ती गिट्टी मोजली. जेमतेम ३५ मिलिमीटर. आमचा गिलावा २० मिलिमीटरचा. म्हणजे खऱ्या भिंतीत गिट्टी फक्त १५ मिलिमीटर शिरली होती. टीव्हीच्या खोक्यात आलेलं सामान कसली भिंत आहे ते न बघता ठोकलं गेलं होतं, आणि मी शेजारी उभा राहून चहा देत होतो.

म्हणून तुम्हाला सांगतो, पहिलं छिद्र पाडताना खाली पांढरा कागद धरा. सुरुवातीला राखाडी भुकटी येईल, ती गिलाव्याची, ती मोजायची नाही. त्यापुढे लाल भुकटी आली तर वीट. राखाडीच भुकटी, बिट पुढे सरकेना आणि ड्रिल ओरडायला लागलं तर आरसीसी, म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट. हिंजवडी-वाकडकडच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये मायव्हान पद्धतीच्या अशा अखंड काँक्रीटच्या भिंती असतात. आणि बिट लोण्यात जावं तसं आत जाऊन पिठासारखी पांढुरकी भुकटी आली तर सिपोरेक्स. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतंय. सिपोरेक्स हे खरं एका ब्रँडचं नाव, पण पुण्यात कुठल्याही हलक्या ब्लॉकला आपण तेच म्हणतो. बिल्डरच्या कागदावर एएसी ब्लॉक लिहिलेलं असेल.

हा ब्लॉक करताना मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घालतात. तिच्यामुळे वायू सुटतो आणि आत अनारशासारखी जाळी पडते. त्यामुळे तो इतका हलका की पाण्यावर तरंगतो. टीव्हीचा भार तो नक्की पेलतो, फक्त त्याला धरायची पद्धत वेगळी. काँक्रीटमध्ये वापरतात तो लोखंडी अँकर फास्टनर इथे लावू देऊ नका. तो आत फुगून भिंतीला दाबतो आणि ही जाळी त्या दाबाखाली चुरते. आज घट्ट वाटेल, महिन्यांनी ढिला होईल. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून छिद्र पाडायचं, नाहीतर १० मिलिमीटरचं छिद्र बघता बघता १४ चं होतं. आणि एएसीसाठीचे लांब नायलॉन प्लग, म्हणजे गिट्ट्या, घ्यायचे, गिलावा सोडून निदान ६०-७० मिलिमीटर ब्लॉकमध्ये जातील असे. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात "सिपोरेक्सचे प्लग" म्हटलं की काढून देतात. बिट पाकिटावर लिहिलेल्या मापाचंच. जेवढी छिद्रं प्लेटला आहेत तेवढे सगळे स्क्रू लावा, चारवर भागवू नका.

भिंत चार इंचीच असेल आणि पलीकडे तुमचीच खोली असेल तर मी आरपार बोल्ट टाकून मागे लोखंडी पट्टी लावीन. दिसायला बरं नाही, कपाटामागे लपतं.

आरसीसी निघाली तर काम सोपं, अँकर फास्टनर उत्तम. मध्ये सळई लागली तर जोर न करता छिद्र दोन इंच सरकवा. वायरीसाठी मात्र त्या भिंतीत चर पाडू नका, ती भिंत इमारतीचं वजन पेलते.

पुढे-मागे ओढता येणारा, वळणारा स्टँड तुम्हाला आवडलाय असं दिसतं. सिपोरेक्सवर तो मी लावणार नाही. हिशेब बघा: १६ किलोचा टीव्ही भिंतीपासून ५० सेंटिमीटर पुढे ओढला आणि प्लेटच्या वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये २० सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपटणारी ओढ ४० किलोची होते. त्यात मुलगी कडेला लोंबकळली तर विचारूच नका. साधा, भिंतीला चिकटून बसणारा स्टँड घ्या. टीव्हीमागच्या चार छिद्रांमधलं अंतर, त्याला व्हेसा म्हणतात, प्लेटशी जुळतंय का ते आधी मोजा. बोल्ट टीव्हीच्या पुस्तिकेत दिलेल्या लांबीचाच हवा, लांब बोल्ट आतल्या भागांना लागतो.

आता वायरी. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि त्याच उंचीच्या आडव्या रेषेत छिद्र पाडू नका, नळ्या बहुतेक तशाच गेलेल्या असतात. त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा खटका, पाडा आणि ड्रिल दुसऱ्या खोलीतून चालवा. भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर नळाच्या रेषेपासून लांब राहा. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत असेल तर जागाच बदला.

उंची सोफ्यावर बसून ठरवा. टीव्हीचा मध्य डोळ्यासमोर, जमिनीपासून साधारण ४० ते ४२ इंचांवर येतो. मुलीच्या हाताला लागेल म्हणून लोक फार वर लावतात, मग मान दुखते. त्यापेक्षा खालचं युनिट काढा, म्हणजे चढायला काही राहणार नाही. लोंबणारी वायर तिच्या हाती लागू नये म्हणून सॉकेट टीव्हीमागेच घ्या.

प्लेट बसली की टीव्ही टांगण्याआधी ती दोन्ही हातांनी धरून खाली आणि स्वतःकडे ओढा, तुमचं निम्मं वजन तरी येऊ द्या. केसभर हलली, गिलावा करकरला, तर तो प्लग रद्द, नवं छिद्र शेजारी. बसवणारा घाईत असेल तरी हे त्याच्यासमोरच करा. आणि कागदावर कुठली भुकटी पडली ते इथे लिहा, म्हणजे नेमका किती लांबीचा प्लग घ्यायचा ते सांगतो.